भारत वि. इंडोनेशिया: कागद-पुठ्ठ्याच्या व्यापारात आपण नक्की कुठे आहोत?

रेघांची_वही (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

आयात-निर्यातीचा एक डिप्लोमा करतोय, त्यात शेवटी दोन देश घेऊन एका मालाच्या व्यापाराची तुलना लिहायची असते. वर्गातल्या बाकीच्यांनी तांदूळ, औषधं, मोबाइल असले झकपक विषय आधीच पटकावले आणि माझ्या वाट्याला चॅप्टर ४८ आला, म्हणजे कागद, पुठ्ठा आणि त्याच्या वस्तू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: कस्टमच्या यादीत ४७ मध्ये लगदा आणि रद्दी, ४८ मध्ये कागद-पुठ्ठा, ४९ मध्ये छापलेली पुस्तकं, वर्तमानपत्रं वगैरे.

मी भारत आणि इंडोनेशिया घेतलेत. आपली लोकसंख्या १४० कोटींच्या वर, त्यांची २८ कोटींच्या आसपास, आपल्याकडे कामगार भरपूर, इंजिनिअर भरपूर, आणि तरी कॉपियर पेपर असो की औषधाच्या खोक्याचा बोर्ड, ते आपल्याला विकतात आणि आपण मुकाट घेतो. आसियानशी, म्हणजे इंडोनेशिया ज्यात आहे त्या आग्नेय आशियाई देशांच्या गटाशी, आपला करार २०१० ला लागू झाला, कागदावरची १० टक्के ड्युटी टप्प्याटप्प्यानं उतरत १ जानेवारी २०१४ पासून जवळपास सगळ्या आयटमवर शून्य झाली. २०२२-२३ मध्ये सगळ्या देशांतून मिळून १४ लाख टनांच्या वर कागद-पुठ्ठा आला होता, २०२३-२४ मध्ये १९.३ लाख टन. वर्षात जवळपास ३४ टक्के वाढ!

माझं मत असं झालंय की करार करताना आपले लोक झोपले होते, ड्युटी परत लावा, विषय संपला. सर म्हणतात हा अग्रलेख झाला, तुलना कुठाय. तर यातलं कळणाऱ्यांनी सांगा, शून्य ड्युटी हेच कारण की आणखी काही?

खवचट_काका

पेपरलेस ऑफिसच्या जमान्यात पेपरवर पेपर. येऊ द्या. पॉपकॉर्न घेऊन बसलोय. टब पुठ्ठ्याचा आहे, कुठल्या देशाचा ते डायपंच सांगतीलच.

डायपंच

काका टब पाठवा, फाडून सांगतो :)

खरंच फाडूनच कळतं. माझा पुण्यात मोनो कार्टनचा छोटा धंदा आहे, म्हणजे औषधं, टूथपेस्ट, मिठाई यांची छापील खोकी. घरात पडलेलं कुठलंही खोकं घ्या आणि कडेला तिरकं फाडा. पाठ करडी आणि आत मळकट भुरं दिसलं तर तो ग्रे बॅक डुप्लेक्स, सगळा रद्दीपासून केलेला, वर फक्त पांढऱ्या कोटिंगचा मुलामा. वर-खाली पांढरं आणि मध्ये फिकट सायीसारखा पिवळसर थर दिसला तर एफबीबी, म्हणजे ताज्या लाकडाचा बोर्ड. आरपार पांढराशुभ्र असेल तर एसबीएस, म्हणजे सगळा ब्लीच केलेल्या लगद्याचा.

आता इंडोनेशियाचा माल आम्ही काऊंटरवर का मागतो? ड्युटी शून्य आहे म्हणून भाव पडतो हे आहेच. पण नुसतं तेवढंच असतं तर भारी औषध कंपन्यांनी घेतला नसता. क्रीझिंग, म्हणजे घडीची रेघ, मारल्यावर तिथे कोटिंग तडकत नाही, आणि अख्ख्या कंटेनरमध्ये पहिल्या शीटपासून शेवटच्या शीटपर्यंत जाडी तीच. आमच्या गिऱ्हाइकाच्या पॅकिंग लाइनवर मिनिटाला शेकडो खोकी मशीन उघडतं, एक खोकं नीट उघडलं नाही की लाइन थांबते आणि फोन मला येतो, मिलला नाही. आपल्याकडे चांगला बोर्ड बनत नाही असं अजिबात म्हणत नाही, तेलंगणातल्या भद्राचलमच्या मिलचा बोर्ड कुठेही ठेवा. पण तसा माल देणाऱ्या मिल बोटांवर मोजण्याइतक्या, आणि मोठे ब्रँड आधी रांगेत, माझ्यासारख्याला दलालाकडून जे मिळेल ते.

तेव्हा ड्युटी परत लावा म्हणताना माझ्याकडे बघून म्हणा.

सुमेधा_प

डायपंच, तुमचा प्रतिसाद वाचून घरातली तीन-चार खोकी फाडली, टूथपेस्टचं खोकं मध्ये पिवळसर निघालं, फरसाणाचं करडं. सासूबाई विचारतायत काय चाललंय.

चंद्रपुरी_भाऊ

झाडाचं कोणीच बोलत नाही म्हणून मी बोलतो. आमच्या बल्लारपूरची कागदाची कंपनी, बिल्ट, १९४५ ची, गावात घरटी कोणीतरी मिलमध्ये. वास आला की समजायचं मिल चालू हाय. आमच्या लहानपणी बांबूच्या ट्रकची ओळ लागायची.

कागदाला लागते तंतू, आणि तंतू येते झाडातून. आता आपल्या देशात मिलला स्वतःचं जंगल लावता येत नाही. १९८८ च्या वननीतीनं सांगून टाकलं की कारखान्यानं कच्चा माल शेतकऱ्यांशी संबंध जोडून मिळवावा, वनजमीन त्यासाठी द्यायची नाही. म्हणून मग निलगिरी, सुबाभूळ, सुरू यांची रोपं शेतकऱ्याला द्यायची, त्यानं बांधावर नाहीतर वावरात लावायची, चार-पाच वर्षांनी तोडायची. आणि शेतकरी काय बांधील हाय का? कापसाला भाव आला की तो निलगिरी उपटून कापूस लावते. काऊन नाही लावणार?

इंडोनेशियात सरकार हजारो हेक्टर जमीन सलग कंपनीला लीजवर देते. बारा महिने पाऊस, अकेशिया पाच-सहा वर्षांत तयार. तोडा, लावा, तोडा, लावा. त्याच्यापुढे आपलं लाकूड महाग पडणारच.

आणि एक गोष्ट सांगतो जी लोक विसरले. बिल्टनं २००७ मध्ये बोर्निओत मलेशियाच्या बाजूची साबा फॉरेस्ट इंडस्ट्रीज विकत घेतली होती. बल्लारपूरची कंपनी झाडं शोधत बोर्निओपर्यंत गेली बाप्पा! टिकलं नाही ते, पण गेली कशाले ते पाहा. ड्युटीसाठी नाही, लाकडासाठी.

रेघांची_वही

हे भारी आहे, मला बोर्निओचं काहीच माहीत नव्हतं. पण भाऊ, मग वननीती बदलावी असं तुमचं म्हणणं आहे का? कारण मिलवाल्यांची संघटना वर्षानुवर्षं पडीक वनजमीन मागतेय असं वाचलं.

चंद्रपुरी_भाऊ

नाही ना भाऊ. उलटं म्हणतो मी. गडचिरोलीत मेंढा-लेखा गाव हाय, २०११ मध्ये तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश स्वतः येऊन ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक देऊन गेले. त्याच्या आधी त्या भागातला बांबू लीजवर मिलला जायचा आणि गावाला मिळायची कटाईची मजुरी. ग्रामसभेनं स्वतः विकला तेव्हा पैसा गावात आला. आता तुम्ही म्हणाल की इंडोनेशियासारखं सलग जंगल कंपनीला द्या म्हणजे कागद स्वस्त होईल. होईल. कोणाच्या खिशातून, ते पण तुमच्या प्रोजेक्टात लिहा.

सुराबायाकर

वाचनमात्र होतो, पण आता राहवत नाही. कामानिमित्त पूर्व जावामध्ये राहतो, कागदाशी थेट संबंध नाही, पण कागदवाले शेजारी आहेत म्हणा.

आधी आकाराचं. आपल्याकडे मिल आठ-नऊशे आहेत म्हणतात, त्याही कागदावर, प्रत्यक्षात चालू पाचशेच्या आसपास. इथे खेळ मुख्यतः दोन घराण्यांचा, सिनार मास आणि रॉयल गोल्डन ईगल. सुमात्रात रिआऊ प्रांतात पेरावांग आणि केरिंची या दोन ठिकाणी त्यांची अवाढव्य कामं आहेत, एका टोकाला लाकूड आत आणि दुसऱ्या टोकाला रीम बाहेर, मध्ये लगदा वाळवून कुठे पाठवायचा खर्चच नाही, लाकडातून निघालेलं काळं द्रावण जाळून वाफ आणि वीज तिथेच. २०१६ ला दक्षिण सुमात्रात ओकेआय म्हणून आणखी एक सुरू झाली. यांच्याशी मुझफ्फरनगरची किंवा वापीची दिवसाला शंभर-दोनशे टनांची मिल कशी भिडणार?

पण म्हणून इंडोनेशिया म्हणजे फक्त लाकूड असंही समजू नका. जावा बेटावर लगद्यासाठी सुमात्रासारखी जंगलं नाहीत, इथल्या बऱ्याच मिल रद्दीवर चालतात, अगदी आपल्यासारख्या, आणि रद्दी येते अमेरिका, युरोप, ऑस्ट्रेलियातून, तीही आपल्यासारखीच. मोजोकर्तोजवळ बांगुन नावाचं गाव आहे. मिलमध्ये आलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यांतून निघालेलं प्लास्टिक ट्रकनं या गावात ओततात. घरांच्या अंगणात कंबरेएवढे ढीग, त्यात इंग्रजी लेबलांची दुधाची, शाम्पूची पाकिटं, बायामाणसं उन्हात बसून जाडं प्लास्टिक वेगळं काढतात. ते विकून लोकांची पोरं शिकली, त्यामुळे बंद करा म्हणायला कोणी तयार नाही. उरलेलं पातळ प्लास्टिक त्रोपोदो गावात टोफूच्या भट्ट्यांमध्ये जळण म्हणून जायचं. २०१९ मध्ये तिथल्या कोंबड्यांच्या अंड्यांत डायऑक्सिन सापडल्यावर बोंबाबोंब झाली. त्याच वर्षी इंडोनेशियानं कचरा मिसळलेले शेकडो कंटेनर परत पाठवायला घेतले.

रंकाळा_चौपाटी

तिकडं टोफू, आणि इकडं मुझफ्फरनगरला मिलमधलं प्लास्टिक गुऱ्हाळात जाळतात म्हणून मागं बातम्या आलेल्या. एका देशानं टोफू धुरवला, दुसऱ्यानं गूळ. तुलना पायजे होती न्हवं, घे की भावा!

(कोल्हापूरच्या गुऱ्हाळात चिपाडच असतंय जळणाला, आधीच सांगून ठेवतो, नायतर पुढचा प्रतिसाद पुणेकराचा येणार.)

खवचट_काका

पुणेकर हजर. आम्ही साखर खात नाही, गूळ खात नाही, डॉक्टरनं फक्त धागे वाचायला सांगितलेत.

नीरा_काठ

चिपाडावरून आठवलं. उसाचं चिपाड म्हणजे बगॅस, त्यापासून कागद होतो, तमिळनाडूत करूरजवळ टीएनपीएल ही सरकारी कंपनी १९८४ पासून करतेय, त्या जागेचं नावच कागितपुरम आहे. महाराष्ट्रात इतके साखर कारखाने असून आपण हे मोठ्या प्रमाणावर का नाही केलं? उत्तर असं की कारखान्यांनी सहवीज प्रकल्प टाकले, बगॅस बॉयलरमध्ये जातो आणि वीज महावितरणला. जो जास्त भाव देईल त्याला बगॅस. इंडोनेशियाच्या अकेशियाला आपल्याकडे उत्तर होतं, ते आपण जाळलं.

लगदा_इंजिनिअर

नीरा_काठ, 'जाळलं' इतकं सोपं नाही हो. बगॅसमधला भुसा काढावा लागतो, वर्षभर साठवायचा तर सडतो, काळ्या द्रावणात सिलिका येते आणि ते जाळणाऱ्या रिकव्हरी बॉयलरची वाट लागते. हे सगळं निभावणारी मिल मोठीच लागते.

मी मिलमध्ये नोकरी केलेली आहे, नाव सांगत नाही. मिलवाल्यांची बाजू इथे कोणी मांडली नाही म्हणून मांडतो. कॉपियर पेपरवर डिसेंबर २०१८ मध्ये इंडोनेशिया, थायलंड, सिंगापूरविरुद्ध अँटी-डंपिंग ड्युटी लागली होती. म्हणजे चौकशी करून सिद्ध झालं की तिकडचा माल त्यांच्या स्वतःच्या बाजारापेक्षा कमी भावात इथे ओतला जातोय. मग ऑक्टोबर २०२२ पासून कागदाच्या २०१ टॅरिफ लाइनवर (कस्टमच्या यादीतल्या नोंदींवर) आयातीची आधी नोंदणी सक्तीची केली, ५०० रुपये भरून. त्यानं आयात थांबत नाही, फक्त काय कुठून येतंय ते वेळेत कळतं. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये व्हर्जिन मल्टिलेयर बोर्डावर, म्हणजे डायपंच वापरतात तोच, टनाला ६७,२२० रुपये किमान आयात किंमत लावली, ३१ मार्च २०२६ पर्यंत. त्या मुदतीत त्याखाली आणायला बंदी.

हे फुकट झालेलं नाही. कोणी स्वस्त देतोय म्हणून आनंदानं घेत राहिलात आणि इथल्या मिल बंद पडल्या की भाव कोण ठरवणार?

डायपंच

साहेब, भाव आताही आम्ही ठरवत नाही. किमान किंमत लागली त्या आठवड्यात देशी बोर्डाचे रेट काय झाले ते मिलला विचारून सांगा की. मी खोकी बनवून युगांडाला पाठवणाऱ्या एका औषध कंपनीला देतो, तिचा स्पर्धक बोर्ड जागतिक भावानं घेतो. बोर्डाची मिल वाचली आणि खोकंवाला गेला, तर वाचवलं काय? मिलपेक्षा माणसं खोक्याच्या धंद्यात जास्त आहेत.

लगदा_इंजिनिअर

माणसं जास्त आहेत मान्य. पण मिलमागे सुबाभूळ लावणारे शेतकरीही आहेत, ते कुठे मोजता?

भोसरीकर_बॉक्सवाला

तुम्ही दोघं व्हर्जिन बोर्डावर भांडताय, धंद्यातला निम्मा-अर्धा कागद तपकिरी आहे राव. मी कोरुगेटेड बॉक्स करतो, थ्री प्लाय, फाइव्ह प्लाय, मोटारीच्या पार्टपासून द्राक्षापर्यंत. आमचा कच्चा माल क्राफ्ट, तो शंभर टक्के रद्दीचा, आणि इंडोनेशियाचा आमच्याशी काही संबंध नाही. आमची मजा चीननं केली.

चीननं आधी परदेशी रद्दीवर कडक नियम लावले आणि १ जानेवारी २०२१ पासून बाहेरची रद्दी पूर्ण बंद. पण त्यांना खोकी तर लागतातच. मग काय, आपल्याकडच्या मिलनी रद्दी आणली, तिचे जाडेभरडे रोल केले आणि चीनला पाठवले. रद्दी नको, रोल चालतील! कचरा आमच्याकडे, कागद त्यांच्याकडे. आणि आम्ही लॉकडाऊनमधून कसेबसे बाहेर येऊन मिलला रीळ मागतोय तर पलीकडून, 'आज रेट नाही, उद्या फोन करा.' उद्या फोन केला तर रेट वाढलेला आणि माल संपलेला. १८ बीएफ (बर्स्ट फॅक्टर, कागद फुटायला किती जोर लागतो ते) मागावं तर १६ चं रीळ पाठवायचे, वर बिलात १८. मी बर्स्टिंग टेस्टरवर लावून फोटो पाठवला तर म्हणे मशीन कॅलिब्रेट करा तुमचं. गिऱ्हाईक मोठी कंपनी, तिच्याशी वर्षाचा रेट ठरलेला, तो वाढवायचा म्हटलं की तीन महिने मेल-मेल खेळायचं. कितीतरी छोट्या लोकांनी तेव्हा शटर ओढलं.

तर २०२१-२२ मध्ये भारताची कागद निर्यात जवळपास ८० टक्क्यांनी वाढून १४ हजार कोटींच्या घरात गेली म्हणून पेढे वाटले गेले, त्यातले किती टन म्हणजे दुसऱ्याच्या रद्दीचे रोल होते ते बघा. धागाकर्त्यानं ते वर्ष घेऊन तुलना केली तर भारत लय भारी दिसेल. मागचं-पुढचं घेतलं तर दिसणार नाही.

आणि आता नवीन. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी खोक्यावर ५ टक्के, क्राफ्टवर १८. आधी दोन्ही १२ होते. १८ नं घेऊन ५ नं विकायचं, मधले पैसे सरकारकडे अडकलेले, रिफंडच्या मागे सीए पळतोय. इंडोनेशिया-बिंडोनेशिया राहू द्या, आमचं भांडवल इथेच गिळलं.

रंकाळा_चौपाटी

दादा तुमच्या प्रतिसादाला +१, आणि 'मेल-मेल खेळायचं' याला वेगळा +१.

सुमेधा_प

एक बाळबोध शंका. आपल्याकडे घरोघरी रद्दी साठवून विकतात, एक कागद कोणी फेकत नाही, मग आपल्याला अमेरिकेतून रद्दी का आणावी लागते? आमचा रद्दीवाला तर काटा असा धरतो की दहा किलोचे सात होतात, तिकडचे बहुतेक दहाचे दहा देत असतील :)

लगदा_इंजिनिअर

शंका बाळबोध नाही. एक, आपण माणशी कागद वापरतोच वर्षाला पंधरा-सोळा किलो, जगाची सरासरी ५७ च्या आसपास, इंडोनेशियाची आपल्या दुपटीजवळ. वापरच कमी तर रद्दी कुठून येणार. दोन, आपली रद्दी आधी भज्यांना, मग मंडईत, मग चूल पेटवायला जाते, मिलपर्यंत पोचते ती थोडी आणि मळकी. तीन, आणि हे महत्त्वाचं, तंतू प्रत्येक फेरीत आखूड होतो, पाच-सात फेऱ्यांत पीठ होतं. अमेरिकेतली जुनी खोकी पाइनच्या लांब तंतूची असतात, आपल्या रद्दीत ती मिसळली की बीएफ येतो. भोसरीकरांचं १८ बीएफचं रीळ मिळायचं तर त्यात थोडी अमेरिका घालावी लागते. गिरणी आपली, गहू शेजाऱ्याचा, असं आहे ते.

सिंगापूरची_सई

इंडोनेशियाच्या स्वस्त कागदाची दुसरी बाजू मी शेजारून पाहिलीय. २०१५ चा सप्टेंबर-ऑक्टोबर. सुमात्रा आणि बोर्निओच्या पीट जमिनी पेटल्या होत्या, पीट म्हणजे हजारो वर्षं अर्धवट कुजत साठलेल्या झाडापाल्याची ओली जमीन, चर खणून वाळवली की ती जमीनच जळते, वरून पाणी मारून विझत नाही. इथे समोरची बिल्डिंग दिसत नव्हती, शाळा बंद, मुलाला नेब्युलायझर. तेव्हा इथल्या सुपरमार्केटनी इंडोनेशियाच्या एका बड्या कंपनीचे टिश्यू शेल्फवरून उतरवले होते. त्या वर्षी सुमारे २६ लाख हेक्टर जळलं आणि जागतिक बँकेनं नुकसान १६ अब्ज डॉलर धरलं. सगळी आग कागदवाल्यांची नव्हती, पामतेलवाले होते, छोटे शेतकरी होते. पण चॅप्टर ४८ च्या किमतीत हे कुठेच नाही. मी ते विसरून तुमच्या डायपंचसारखं 'जाडी एकसारखी' म्हणू शकत नाही, सॉरी.

डायपंच

सई, तुमचं म्हणणं पटतं. पण एफएससीचा, म्हणजे जंगल सांभाळून लाकूड काढल्याचा, शिक्का पाहिजे असेल तर गिऱ्हाईक वरचे पैसे देतं का? विचारलंय मी. 'शिक्का पाहिजे, रेट तोच.'

वही_एक्सपोर्ट

इतकी चर्चा झाली आणि वह्यांचं कोणी काढलं नाही. वर तुलना-तुलना चाललीय म्हणून सांगतो, भारत आणि इंडोनेशिया एकदा एकाच पिंजऱ्यात उभे होते. सप्टेंबर २००६, अमेरिकेनं रेघांच्या वह्या-पॅडवर अँटी-डंपिंग लावलं, आरोपी चीन, भारत आणि इंडोनेशिया. धागाकर्त्याचा आयडी बघून वाटलं यानं ह्यासाठीच घेतलाय :) पूर्व जावातली त्जिवी किमिया आणि आपल्या मुंबईच्या कंपन्या एकाच अमेरिकन दुकानाच्या बॅक-टू-स्कूल सीझनसाठी भांडत होत्या.

पुढचं बघा. इंडोनेशिया अशा केस अंगावर घेते आणि डब्ल्यूटीओत लढते. ऑस्ट्रेलियानं ए-फोर कागदावर ड्युटी लावली तर गेले भांडायला, आणि डिसेंबर २०१९ ला पॅनेलनं इंडोनेशियाच्या बाजूनं निकाल दिला. ऑस्ट्रेलियाचं म्हणणं होतं की सरकारच्या जंगलधोरणामुळे तिथे लाकूड कृत्रिमपणे स्वस्त आहे. चंद्रपुरी भाऊंनी वर जे सांगितलं, अगदी त्याच मुद्द्यावर दोन देशांचे वकील वर्षानुवर्षं भांडले.

चंद्रपुरी_भाऊ

पाहा! आणि आमच्याकडे तेच चहाच्या टपरीवर सांगत होतो तर कोणी ऐकत नव्हतं.

आकडेमोड

मूळ प्रश्नाकडे येतो, कारण धागाकर्त्याला डिप्लोमा मिळायला हवा.

फक्त ४८ घेऊन तुलना करू नका, फसाल. इंडोनेशियाचा मोठा विक्रीचा माल ४७ मध्येही आहे, म्हणजे लाकडाचा लगदा. आपली मोठी खरेदी ४७ मध्ये आहे, म्हणजे लगदा आणि रद्दी. आपण ४९ मध्ये बरे आहोत, छापील पुस्तकं बाहेर जातात. ४७, ४८, ४९ शेजारी-शेजारी मांडा आणि प्रत्येकात टन आणि रुपये दोन्ही घ्या, मग एका टनामागे किती रुपये ते काढा. तिथे खरं चित्र दिसेल. दुसरं, २०१९ ते २०२४ अशी सलग वर्षं घ्या, भोसरीकर म्हणाले त्याप्रमाणे २०२१-२२ एकटं घेऊ नका. तिसरं, ४८ च्या आत ४८०२ (लिहायचा-छापायचा), ४८०४-०५ (क्राफ्ट वगैरे), ४८१० (कोटेड) आणि ४८१९ (खोकी) वेगळे ठेवा, नाहीतर डायपंच आणि भोसरीकर एकाच रकान्यात कोंबले जातील आणि ते दोघे आनंदानं राहणार नाहीत.

आणि युगांडाला गेलेल्या औषधाचं खोकं चॅप्टर ३० मध्ये मोजलं जातं, ४८ मध्ये नाही. आपला बराचसा पुठ्ठा असा दुसऱ्या मालाच्या पोटातून निर्यात होतो, ते कुठल्याच टेबलात दिसणार नाही. त्यावर एक परिच्छेद लिहा, सर खूश होतील.

ड्युटीबद्दल: चीनला आसियानची सवलत नाही, तरी तिथला कागदही भरपूर येतो. म्हणजे शून्य ड्युटी हे एकमेव कारण म्हणता येत नाही.

रेघांची_वही

साष्टांग नमस्कार. हे तर आख्खं प्रकरण झालं. ड्युटी हवी की नको यावर मी आता पूर्वीइतका ठाम नाही, पण 'विषय संपला' हे वाक्य मात्र काढतोय.

अष्टागरकर

उशिरा आलोय पण तुम्ही सगळे एक गोष्ट विसरलात. इंडोनेशिया आता कागद पाठवण्याऐवजी मिलच घेऊन येतेय, आणि ती आमच्या उशाशी. अलिबाग तालुक्यात धेरंड-शहापूरला सिनार मासला जमीन द्यायचं सरकारनं ठरवलंय, २० हजार कोटींची गुंतवणूक म्हणून जाहीर झालं होतं. ही तीच जमीन, आधी वीज प्रकल्पासाठी घेतलेली, ज्यावरून गावानं मोठं आंदोलन केलं होतं. खारजमीन आहे, भात आणि तळ्यांत जिताडा. इंजिनिअर साहेब, तुम्हीच सांगा, अलिबागला अकेशियाचं जंगल कुठे आहे?

लगदा_इंजिनिअर

जंगल लागणार नाही. तुमच्याकडे बंदर आहे, मुंबईचं गिऱ्हाईक आहे. माझा अंदाज असा की लगदा सुमात्रातून जहाजानं येईल आणि बोर्ड इथे बनेल. मग आकडेमोड यांच्या टेबलात ४८ ची आयात कमी होईल, ४७ ची वाढेल, आणि पेपरात येईल की भारत आत्मनिर्भर झाला.

डायपंच

मला अलिबागहून ट्रकनं बोर्ड मिळणार? आगाऊ रक्कम कुठे भरायची?

अष्टागरकर

तुम्हाला ट्रक दिसतोय, मला पाणी दिसतंय. गोडं पाणी कुठून आणणार, आणि वापरलेलं कुठल्या खाडीत सोडणार?

लगदा_इंजिनिअर

लगदा विकत आणून नुसता बोर्ड केला तर पाणी लाकडापासून सुरुवात करणाऱ्या मिलपेक्षा बरंच कमी लागतं, घाणही कमी. पण कमी म्हणजे नाही असं नव्हे. पर्यावरणाच्या जनसुनावणीचा अहवाल निघाला की त्यात 'ताजं पाणी, घनमीटर प्रति टन' हा आकडा शोधा आणि तो दिवसाच्या उत्पादनानं गुणा. बाकीची पानं वाचली नाहीत तरी चालेल.

भोसरीकर_बॉक्सवाला

आणि किमान आयात किंमत लावली ती बोर्डावर, लगद्यावर नाही. आता कळलं का कारखाना इकडे का येतोय.